दृश्यशैलीवर भर देणाऱ्या ॲक्शन दिग्दर्शकांना कथा सांगता येत नाही, हे खरे आहे का?

जॉन वू, मायकल बे, झॅक स्नायडर अशी नावे घेऊन तुम्ही विचारले आहे की, हे दिग्दर्शक दिखाऊपणाच्या नादात कथेचा बळी देतात का आणि त्यांपैकी कोणाचे चित्रपट पाहावेत. या तिघांना एका ओळीत बसवणेच मला मान्य नाही.

वू यांच्या ‘हार्ड बॉइल्ड’मध्ये (1992) रुग्णालयातला एक प्रसंग सलग एकाच शॉटमध्ये घेतलेला आहे. दोन पोलीस एक मजला लढवतात, लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जातात आणि पुन्हा लढतात. लिफ्ट चालू असताना बाहेर कामगारांनी तोच मजला नव्याने सजवला, ही कारागिरी सगळे सांगतात. मात्र त्याच शॉटमध्ये त्या दोघांपैकी एकाच्या गोळीने चुकून एक पोलीसच मरतो आणि लिफ्टच्या बंद दाराआड त्याला ते पचवावे लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. कॅमेरा न थांबल्यामुळे त्यालाही थांबता येत नाही. इथे शैली हीच कथा आहे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवस्थानांच्या उत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांची प्रकाशयोजना मी करतो. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी बसवलेल्या एका ऐतिहासिक नाटकात रात्रीच्या छाप्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांना न ओळखता लढतात. मी समोरचे सगळे दिवे बंद ठेवून दोन्ही विंगांतून खालच्या बाजूने आडवा प्रकाश सोडला होता, त्यामुळे तलवारी आणि हात दिसत, चेहरे दिसत नसत. धाकटा घाव लागून वळला की तेवढ्यापुरता त्याच्या तोंडावर प्रकाश येई, आणि मोठ्या भावाला कळण्याआधी प्रेक्षकांना कळे. संहितेत त्या जागी एकही शब्द नव्हता. एका स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला की प्रकाशयोजना आशयावर मात करते. पुढच्या प्रयोगापासून दादांनी समोरचे दिवे लावायला लावले आणि मोठ्या भावाच्या तोंडी वाक्य घातले, “अरे देवा, हा तर माझा सख्खा भाऊ!” ते वाक्य म्हणजे आशय आणि माझा प्रकाश म्हणजे सजावट, हा निवाडा मी तेव्हाही मानला नाही आणि आजही मानत नाही.

जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) हा याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. संवाद मोजके, कथानक जेमतेम जाऊन परत येण्याचे. परंतु महत्त्वाची गोष्ट जवळजवळ नेहमी चौकटीच्या मध्यभागी ठेवल्यामुळे इतक्या वेगवान काटछाटीतही डोळा भरकटत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. आपल्या गोव्यात घडणारी ‘द बॉर्न सुप्रीमसी’ची (2004) सुरुवातही आठवून पाहा. पॉल ग्रीनग्रास यांच्या हलत्या कॅमेऱ्याला लोक वास्तववाद म्हणतात, पण तीही स्नायडर यांच्या ‘300’मधल्या मंदावणाऱ्या तलवारींइतकीच निवडलेली शैली आहे. जीप पुलावरून नदीत पडते आणि पाण्याखाली नायक त्याची प्रेयसी मरी हिच्या तोंडात श्वास भरू पाहतो. तिथे एखादे स्वगत घातले असते, तर प्रसंग मेला असता.

सगळ्यांचीच वकिली मी करीत नाही, हेही सांगायला हवे. बे यांचा 2009 चा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मला असह्य वाटतो. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाचा फटका त्याच्या पटकथेला बसला हे खरे, पण माझा आक्षेप पटकथेवर नाही. कोणता यंत्रमानव कुठे उभा आहे आणि कोण कोणाला मारतो आहे, हेच दिसत नाही. म्हणजे तो चित्रपट शैलीतच नापास होतो. स्नायडर यांच्या ‘सकर पंच’बद्दल (2011) मात्र समजूतदार प्रेक्षकांतही मतभेद आहेत.

तुम्ही ‘हार्ड बॉइल्ड’पासून सुरुवात करा आणि एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. कोणाचे काय पणाला लागले आहे हे तरीही समजले, तर दिग्दर्शकाला कथा सांगता येते. नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांनीही प्रकाशयोजनेवर शेरा लिहिण्यापूर्वी, संवादात नसलेले काय त्या प्रकाशामुळे कळले, याची नोंद आधी करावी.