पेशंट दारातून बाहेर पडायच्या आधी

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला आणि दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. तू विचारलंस की प्रत्येक पेशंटला जेमतेम सात-आठ मिनिटं मिळतात, त्यात काहीतरी सुटून जाईल ही भीती कशी घालवायची. अगं, घालवू नकोस, तिला कामाला लाव. वॉर्डात शिकताना आपल्याला आजार पिकलेला दिसायचा, फाइल जाड, रिपोर्ट हातात. फॅमिली प्रॅक्टिसमध्ये तो कच्चा येतो, कालपासून ताप, परवापासून पोट बिघडलंय, थकवा वाटतो, बस एवढंच. बऱ्याच जणांच्या दुखण्याला पहिल्या दिवशी नाव देताच येत नाही आणि त्यात तुझी चूक काही नाही. म्हणून आधी मनात एवढंच विचार की यात आज निसटून चालणार नाही असं काय असू शकतं, ते नाहीये ना हे बघ, आणि मग बाकीच्याला वेळ दे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी पन्नाशीचे एक गृहस्थ आले, डायबेटिस होता, म्हणाले ॲसिडिटी झालीये, जळजळतंय. मी पोट दाबून बघितलं, मऊ होतं, ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता घामाने आणि ते एकसारखे जबडा चोळत होते, हे मला दिसलं होतं, पण मी विचारलं नाही, बाहेर गर्दी होती. संध्याकाळी ते हार्ट अटॅकने ॲडमिट झाले. वाचले, पण तो शर्ट मला अजून दिसतो. डायबेटिस असलेल्यांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि बायकांमध्ये छातीत दुखल्याशिवायही अटॅक येतो, नुसती मळमळ, घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणं एवढंच असू शकतं. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी सोडायचं नाही, शंका असेल तर सरळ हॉस्पिटलला पाठव, तिथे ईसीजी परत काढतील, ट्रोपोनिन म्हणजे हृदयाला इजा झालीये का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट करतील.

लहान मूल खोकला-ताप घेऊन आलं की स्टेथोस्कोप लावायच्या आधी श्वास मोज. आईच्या मांडीवर शांत बसलेलं असताना, रडत असेल तर थांब, कपडा वर करायला सांग, पोट-छाती वर-खाली होताना दिसली पाहिजे, आणि घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४०, एवढे भरले तर न्यूमोनिया डोक्यात यायलाच हवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल तर तिथे विचार करत बसायचं नाही, पाठवायचं. हे एक मिनिट कितीही गर्दी असली तरी वाचवू नकोस.

घसादुखीत उलटं होतं, तिथे आपण जास्तच करतो. बहुतेक घसे व्हायरल असतात. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरट थर आहे का, मानेच्या पुढच्या गाठी दाबल्यावर दुखतात का, आणि खोकला नाहीये ना, हे चार मुद्दे १९८१ पासून वापरात आहेत, सेंटॉर स्कोअर म्हणतात. चारातला एखादाच मिळाला तर अँटिबायोटिक लागत नाही, तीन-चार मिळाले तर स्ट्रेपची, म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस बॅक्टेरियाची टेस्ट कर किंवा त्या दिशेने विचार कर. खोकल्याचं पण तसंच, साध्या ब्रॉन्कायटिसचा, म्हणजे श्वासनलिका सुजल्याचा खोकला अडीच-तीन आठवडे रेंगाळतो, पेशंटला वाटतं आठवड्यात जायला हवा, मग तो आठव्या दिवशी अँटिबायोटिक मागायला येतो. पहिल्याच दिवशी 'तीन आठवडे लागतील' हे सांगितलंस तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

बीपी घाईत घेऊ नकोस. पाच मिनिटं बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर, आणि घेताना बोलायचं नाही, त्यानेही नाही आणि तूही नाही. जाड दंडाला बीपीचा लहान पट्टा (कफ) लावलास तर बीपी उगाच जास्त येतं. अगदीच खूप वाढलेलं नसेल तर एका रीडिंगवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नकोस, आणि आधी विचार की दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, त्यानेही बीपी चढतं.

आणि 'काही वाटलं तर या' असं कधी सांगू नकोस, त्याला काय वाटायला हवं ते कळत नाही. कंबरदुखीच्या माणसाला सांग, बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत बरं वाटतं, एक्स-रे आत्ता नको, हालचाल चालू ठेव, पण लघवी अडकली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा दोन्ही पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी इमर्जन्सीत जा. आणि त्याच्याकडून परत वदवून घे, ऐकल्यासारखं मान हलवणं वेगळं असतं.

आता तू मेसेजमध्ये ज्या पेशंट बाईंचं विचारलंस त्यांच्याबद्दल. पाळी जाऊन सहा वर्षं झालीयेत, हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी, आणि तू आयर्न सुरू केलंयस, ते बरोबर. पण पाळी नाही तर लोह जातंय कुठे, पोटात-आतड्यात कुठे रक्त झिरपत नाहीये ना? शौचाचा रंग, वजन, दुखण्याच्या गोळ्या किती घेतात हे नीट विचार, आणि आयर्नने हिमोग्लोबिन वाढायची वाट न बघता एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं बघायला पाठव, याच आठवड्यात. त्या घाबरतील, म्हणून फोनवर सांगू नकोस, बोलावून घे आणि सोबत कोणाला तरी आणायला सांग. रिपोर्ट आला की मला कळव.

तुझी,
मॅडम