भारताचा 96 वा क्रमांक नेमके काय मोजतो?

आपला प्रश्न असा आहे की, 2024 च्या भ्रष्टाचारविषयक निर्देशांकात 180 देशांमध्ये भारत 96 वा आला, तर आपली सरकारी कार्यालये 95 देशांपेक्षा अधिक भ्रष्ट आहेत असे मानायचे का. माझ्या मते तसे मानू नये, पण तो आकडा झटकूनही टाकू नये.

बर्लिनची ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था 1995 पासून हा निर्देशांक प्रसिद्ध करते. लाच गुपचूप दिली-घेतली जात असल्याने तिची थेट मोजदाद होत नाही. म्हणून त्या त्या देशातील सरकारी यंत्रणेविषयी तज्ज्ञांना आणि उद्योजकांना काय वाटते, याची निरनिराळ्या संस्थांनी जमवलेली माहिती एकत्र करून 0 ते 100 असे गुण दिले जातात, आणि 100 म्हणजे सर्वांत स्वच्छ. भारताला 2023 मध्ये 39 आणि 2024 मध्ये 38 गुण होते. एका गुणाचा हा फरक मोजणीतील संभाव्य चुकीपेक्षा मोठा नाही, तरी क्रमांक 93 वरून 96 वर गेल्याचीच चर्चा अधिक झाली. गुणांची तुलनाही 2012 पासूनच करावी, कारण त्या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली.

आमच्या नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याकडे फेरफार नोंदीसाठी पैसे मागितले गेले का, हे या गुणांतून कळत नाही. त्यासाठी लोकांना थेट विचारावे लागते. त्याच संस्थेने 2020 मध्ये आशियातील 17 देशांत तसे विचारले, तेव्हा भारतात सरकारी सेवा घेतलेल्यांपैकी 39 टक्के लोकांनी वर्षभरात लाच दिल्याचे सांगितले, आणि हे प्रमाण त्या 17 देशांत सर्वाधिक होते. मला 96 पेक्षा हा आकडा फार अस्वस्थ करतो. जागतिक बँक 1996 पासून सुशासनाचे सहा निर्देशक काढते आणि प्रत्येकासोबत चुकीची मर्यादाही देते, हा तिचा प्रामाणिकपणा. पण तेही मुख्यतः मतांवरच उभे आहेत.

मत आणि वस्तुस्थिती यांतले अंतर सर्वांत स्पष्टपणे दाखवले ते बेंजामिन ओल्कन या अर्थतज्ज्ञाने. इंडोनेशियातील 600 हून अधिक गावांत नवे रस्ते बांधून झाल्यावर त्याने अभियंत्यांकडून ते खोदून नमुने घेतले, प्रत्यक्ष किती साहित्य पडले आणि त्याचा स्थानिक भाव काय होता हे काढले, आणि ते हिशेबाच्या वहीशी ताडून पाहिले. गावकऱ्यांना वाढवून लावलेले भाव काही प्रमाणात ओळखता येत होते, पण कागदावर फुगवलेले साहित्याचे प्रमाण त्यांच्या लक्षात येत नव्हते, आणि खरी चोरी मुख्यतः तिथेच होती. सरकारी लेखापरीक्षण होण्याची शक्यता 4 टक्क्यांवरून 100 टक्के केल्यावर गहाळ होणारा खर्च सुमारे 8 टक्के बिंदूंनी घटला.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांची संख्या हेही माप म्हणून वापरले जाते, पण ते जपून वाचावे. सापळे वाढले म्हणजे लाचखोरी वाढली असेल, किंवा लोक न घाबरता तक्रार करू लागले असतील. ज्या जिल्ह्यात कोणीच तक्रार करत नाही, तो कागदावर सर्वांत स्वच्छ दिसेल.

म्हणून देशाच्या क्रमांकापेक्षा मोजता येईल अशा एकेका कामाकडे पाहावे, असे मला वाटते. दाखला किती दिवसांत मिळाला, हे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली ठरवलेल्या मुदतीशी ताडता येते. 2026-27 च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये रस्त्यांची व घाटांची कामे होत आहेत. त्यांच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची, प्रत माहिती अधिकारात मागता येते. 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही नागरिकाला दिलेला आहे, आणि अर्जात तो स्पष्टपणे नमूद करावा.