दूतावासांचा कारभार तपासायचाय? ही घ्या वाट

नमस्कार,

मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भारतीय दूतावासांच्या कारभारावरचा ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल वाचल्यापासून तिला असली तपासणीच करायची आहे, आणि परराष्ट्र सेवा सोडून हे कुठलं खूळ, असं तुम्ही विचारलंय. खूळ नाही, चांगली सरकारी नोकरी आहे. फक्त तिची वेगळी परीक्षा नसते.

आपल्या दूतावासांचं लेखापरीक्षण कॅग करतं. त्यासाठी लंडन, वॉशिंग्टन आणि क्वालालंपूरला त्यांची कार्यालयं आहेत. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत जाता येतं, नाहीतर एसएससी सीजीएलमधून, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून, कॅगच्या कार्यालयात लेखापरीक्षक होता येतं. पण परदेशी नेमणुकीवर डोळा ठेवून कुणी या वाटेला जाऊ नये. ती बऱ्याच जणांच्या वाट्याला येतच नाही. बहुतेकांची नोकरी सरते ती इथल्याच खात्यांचे हिशेब बघण्यात.

काम मात्र रंगतदार. छोट्या दूतावासात माणसं मोजकी. व्हिसा-पासपोर्टची फी घेणारा, पावती देणारा आणि रोखवही लिहिणारा एकच असेल, तर त्याच्यावर दुसऱ्या कुणाची नजर राहत नाही, म्हणून रक्कम पैन् पै जुळली तरी तपासणारा तिथे अडतो. कामं वाटून द्या, असा शेरा मारणं सोपं. वाटायला दुसरा माणूस हवा ना! मग मंजूर पदं किती, रिकामी किती, भारतातून आलेले किती, स्थानिक किती, हे सगळं काढावं लागतं. त्यातही नुसते अर्ज मोजून माणसं ठरवली की फसगत होते. फिजीची राजधानी सुवामधलं आपलं उच्चायुक्तालय (म्हणजे दूतावासच) फिजीखेरीज टोंगा, तुवालूसारख्या देशांचंही काम बघतं. ते पासपोर्टच्या नोंदवहीत कुठून दिसणार? तुरुंगातल्या भारतीयाला भेटायला गेलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावरची फाइल त्या दिवशी हलत नाही, म्हणून तो रिकामा बसला होता असं होत नाही.

परराष्ट्र सेवेसाठीही नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते, त्यामुळे घरातला वाद सेवांचा पसंतीक्रम भरायची वेळ येईपर्यंत बाजूला ठेवा. शिवाय सीजीएलमधून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होऊन दूतावासात आतून काम करण्याचा पर्यायही आहे.

तूर्त कॅगच्या संकेतस्थळावरचा एखादा अहवाल तिच्यापुढे ठेवा. आक्षेप काय, मंत्रालयाचं उत्तर काय आणि ते कॅगला का पटलं नाही, हे तिने स्वतःच्या शब्दांत मांडावं. पाच-सहा परिच्छेदांनंतरही कंटाळली नाही, तर सीजीएलचा अर्ज खुशाल भरू द्या.