अमेरिकेतला जुना टॅनिंग बेड कोडावर चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. ओठाच्या कडेला, गळ्यावर आणि बोटांवर कोड. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा मशीनखाली उभं राहायला सांगितलं, पण दिग्रसच्या पुढच्या खेड्यातून नागपूरच्या दोन चकरा म्हणजे तिचं कॉलेज आणि तुमची मजुरी दोन्ही बुडणार. तेवढ्यात अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, काकू, इकडं जिममध्ये अंग सावळं करायचा टॅनिंग बेड असतो, तोही लाइटच, जुना स्वस्तात मिळतोय, पाठवू का?

नका मागवू. पोराची माया खरी आहे, पण दिवा चुकीचा आहे.

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर आहे. बावीस वर्षांपासून हे डाग अंगावर वागवतो आणि त्यातली बरीच वर्षं मीही असेच जुगाड शोधत होतो.

यूव्ही म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, यूव्हीए आणि यूव्हीबी हे त्याचे प्रकार. दवाखान्यातल्या मशीनचा प्रकाश म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा एक अरुंद पट्टा. कोडावर तो चालतो हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये दाखवलं आणि आता जगभर तोच वापरतात. टॅनिंग बेडच्या नळ्यांतून निघतो तो बहुतांश यूव्हीए, साधारण ९५ टक्के. गोऱ्या कातडीत जो रंग आधीच असतो, त्यालाच तो गडद करतो. आपल्या डागात रंगाच्या पेशीच उरलेल्या नसतात, मग गडद काय होणार? उलट आजूबाजूची चांगली कातडी काळवंडते आणि डाग आणखी उठून दिसतो. वावरात राबणाऱ्या कोडवाल्याला हे शिकवावं लागत नाही, दर उन्हाळ्यात तो ते आरशात बघतो.

यूव्हीबी दोन कामं करतो. रंगाच्या पेशींवर उठलेली शरीराचीच फौज शांत करतो, आणि केसांच्या मुळाशी दडलेल्या पेशींना जागं करून वर आणतो. म्हणून रंग परत येतो तो सरसकट नाही, केसाकेसाभोवती ठिपक्यांनी, पांढऱ्या कागदावर खसखस सांडल्यासारखा. पुढं ठिपके एकमेकांना मिळतात. चेहरा-मान लवकर भरतात. बोटांची टोकं आणि ओठ फार चिवट, कारण तिथं केसच नसतात. तुमच्या मुलीच्या बोटांबद्दल मी खोटी आशा देणार नाही. गळ्याबद्दल मात्र मला बरीच आशा वाटते.

टॅनिंग बेडवर कुणाकुणाला थोडा रंग येतोही, कारण त्या नळ्यांत किंचित यूव्हीबी असतो. पण किती असतो हे नळीगणिक बदलतं, नळी जुनी झाली की आणखी बदलतं, आणि मोजून कुणी देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ मध्ये हे बेड तंबाखूच्याच वर्गात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकले. ब्राझीलनं त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली. जर्मनीनं तेव्हापासूनच अठराच्या आतल्या मुलांना मनाई केली. म्हणजे तुमच्या लेकीला तिथंसुद्धा त्यावर झोपू दिलं नसतं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. कुणी बावचीचं तेल किंवा सोरॅलेनची गोळी देऊ केली असेल, तर ती आणि असला बेड यांची गाठ चुकूनही पडू देऊ नका. बावचीत सोरॅलेन असतं, त्यानं कातडी यूव्हीएला कैक पटींनी हळवी होते. दवाखान्यात हाच उपाय मोजूनमापून करतात, पुवा म्हणतात त्याला. गोळी घेऊन टॅनिंग बेडवर झोपलेली माणसं भाजून मेल्याच्या नोंदी परदेशात आहेत. माझ्यापुरतं सांगतो. आठवडी बाजारातल्या एका वैदूकडून मी बावचीचं तेल घेतलं, पिंडऱ्यांना चोळलं आणि नवतप्यात दुपारी वावरात उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड. तीन आठवडे धोतर सोडून लुंगीवर होतो, आणि फोडांच्या जागी नवे डाग आले ते वेगळेच. बायको आजही बाजारात गेली की विचारते, तेल आणू का?

आता तुमची खरी अडचण, अंतर. त्याला टॅनिंग बेडपेक्षा चांगला उपाय आहे. नॅरोबँड यूव्हीबीचा हातात धरायचा छोटा दिवा मिळतो, कंगव्यासारखा. डाग थोड्या जागेवर असतील तर पुष्कळ त्वचारोगतज्ज्ञ तो घरी वापरायला लिहून देतात. नागपूरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, लाजू नका: आठवड्याला दोनदा येणं जमत नाही, पहिल्या काही फेऱ्या इथं करून पुढं घरी चालेल का? सेवाग्रामचं किंवा यवतमाळचं मेडिकल तुम्हाला जवळ पडत असेल तर तिथल्या त्वचा विभागातही चौकशी करा. एसटीत बायामुलींना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, महिन्यातून एकदा दाखवायला जाणं तेवढ्यात बसेल.

दिवा घेताना नळीवरचा आकडा वाचा. फिलिप्सच्या नळीवर शेवटी ०१ लिहिलेलं असतं, ९डब्ल्यू/०१ असं, तीच ३११ची. नेलपॉलिश सुकवायचा दिवा, जंतू मारायचा दिवा हे सगळे ‘यूव्ही’ म्हणूनच विकतात आणि त्यांचा कोडाशी काही संबंध नाही. जंतूवाला तर डोळे भाजतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, दिव्याचं अंतर रोज तेच हवं, आणि घड्याळ लावूनच. आपल्याकडं व्होल्टेज पडलं की दिवाही मंद जळतो, तेव्हा लाइट धड नसेल त्या दिवशी सोडून द्या, वेळ वाढवून भरपाई करू नका.

किती वेळ, हे डॉक्टर ठरवतील. पद्धत अशी: थोड्यापासून सुरुवात, मग प्रत्येक वेळी दहा-वीस टक्के वाढ. हलका गुलाबीपणा यावा आणि २४ तासांच्या आत जावा. जास्त टिकला, दुखलं, तर थांबायचं. लागोपाठ दोन दिवस नाही. खाडा पडला तर जिथं सोडलं तिथूनच पुढं जायचं नाही: आठवडाभराच्या वर गेलं तर वेळ पावपट कमी करतात, दोन आठवड्यांच्या वर गेलं तर निम्मा, तीनच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. कापूस वेचायच्या दिवसांत हे घरोघरी होणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि ७२ फेऱ्या होईपर्यंत ‘गुण नाही’ म्हणायचं नाही. आठवड्याला दोन धरल्या तर आठ-नऊ महिने. मी पहिल्या वेळी वीस फेऱ्यांत सोडलं होतं.

वेचणीवरून आठवलं. बोंडाच्या काट्यांनी, विळ्यानं बोटं फाटतात तिथंच नवं कोड उगवतं, जखम भरते तसं. मुलगी सुट्टीत वेचायला जात असेल तर तिला हातमोजे द्या, नाहीतर दिवा एकीकडं आणि बोंडं दुसरीकडं. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, दोन्ही आजार बरेचदा सोबत असतात.

तुम्ही शेवटी लिहिलंत की आजीनं तिचं ताट वेगळं केलं. वर्ध्या-वरोऱ्याचा आपला मुलूख, आनंदवन घरापासून चार तासांवर, आणि अजून घरात कोड आणि महारोग एकच! महारोगाच्या चट्ट्याला बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही. पोरीच्या डागावर कापूस फिरवा आजीसमोर, पोरगी डोळे मिटून सांगेल कुठं लागला ते. दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं होतं हेही खोटं, तिला खाऊ द्या.

पहिल्या फेरीआधी डागांचे फोटो काढून ठेवा, सकाळच्या उजेडात, दाराशी, त्याच जागी. दर महिन्याला तसाच एक. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. डॉक्टरांनी दिव्याबद्दल काय म्हटलं ते इथंच लिहा, मी बघतो.