कॉइलवरून परत एअरवर जाताना

पी-३८ रेंज रोव्हर (१९९४ ते २००२) घेतलीत आणि आधीच्या मालकाने मूळचं एअर सस्पेन्शन (हवा भरलेल्या रबरी बॅगांवर गाडी तोलणारी यंत्रणा) काढून कॉइल स्प्रिंगा ठोकल्यात? परत एअरवर जायचं तर या एअर बॅगा मागवायची घाई नको. आधी काय उरलंय ते बघा: कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक (बॅगांत हवा सोडणारा-काढणारा), हवेची टाकी, चारही हाइट सेन्सर (गाडीची उंची मोजणारे). सेन्सर बऱ्याचदा काढलेले असतात, वायरी तशाच लोंबतात आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. सेन्सर धड नसतील तर बाकी खर्च पाण्यात. जुन्या पाइपांची टोकं ताजी, सरळ कापा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा लगेच चुगली करतो. बॅगेत हवा भरण्याआधी गाडीचं वजन तिच्यावर सोडू नका, घडी चुकली की रबर गेलं. मग लॅपटॉप जोडून फॉल्ट (बिघाडाच्या साठलेल्या नोंदी) पुसा, उंची कॅलिब्रेट करा. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावा.