आधी तिची वही तिला परत द्या

(सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी, सहामाहीत ५८ टक्के. रात्री अभ्यास सोडून चित्रं काढते. ते विचारतात, "हे बंद कसं करू? की एवढीच आवड असेल तर जे. जे. आर्ट स्कूलला घालू? आर्ट थेरपिस्टचाही कोर्स असतो म्हणे.")

नमस्कार,

टक्क्यांचं नंतर बघू. मी अडकले ती तुमच्या या वाक्यापाशी: "ती क्लासला गेल्यावर वही बघितली. ४१ चित्रं निघाली. नुसते हात, तोंड एकाचंही नाही." मग फोटो काढून तुम्ही ते तिच्या मामाला पाठवलेत आणि रात्री सगळ्यांदेखत तिला त्यावरून बोललात.

आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: "श्रावणात माझी आई गेली, त्यामुळे घरात जरा गडबड होती. पोरगी अव्वाजवळच (आजीजवळच) झोपायची. आईनं जन्मभर विड्या वळल्या."

अहो, मग ते हात कुणाचे असतील? चित्रं मी पाहिलेली नाहीत, अंदाजच बांधतेय. पण काही हातांखाली विड्या वळायचं सूप आहे आणि वहीच्या एका पानावर कात्री आणि विडीचं पान कापायच्या मापाचा पत्रा आहे, हे तुम्हीच लिहिलंय. सोलापुरात हे ओळखायला चित्रकार असावं लागत नाही. कारखान्यात टॉवेलचे नग मोजावेत तशी तुम्ही चित्रं मोजलीत, विचारलं मात्र काहीच नाहीत. पोरगी अभ्यास टाळत नाहीये, आजीला धरून बसलीये. घरात आजीचं नाव तरी निघतं का हो?

आता थेरपीचं. चित्र काढून मन हलकं होतं, म्हणून तिनं थेरपिस्ट व्हावं, असा सरळ हिशेब नसतो. 'आर्ट थेरपी', म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार, हा शब्द १९४२मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं वापरात आणला. क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडल्यापडल्या तो स्वतः चित्रं काढायचा, तिथून ते सुरू झालं. पण आपल्याला आधार मिळणं वेगळं आणि रोज दुसऱ्याचं दुःख समोर घेऊन बसणं वेगळं. त्यासाठी मानसशास्त्राचं शिक्षण लागतं, वर वेगळं प्रशिक्षण लागतं. जिचं स्वतःचं रडणं अजून संपलेलं नाही, तिला आत्ताच त्या वाटेला लावू नका. जे. जे.चंही तेच. तिथे चित्राला मार्क पडतात. लपून काढलेल्या चित्राला मार्क पडायला लागले की त्याचा आधार उरेलच असं नाही.

उद्या तिनंच मागितलं तर बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, बारावी कुठल्याही शाखेची चालते. नीटही पुन्हा देता येते. यापलीकडे या पत्रात करिअरचा प्रश्न मला दिसत नाही.

एक मात्र बघत राहा. झोप उडालीये का, जेवण तुटलंय का, "मला नको झालंय" असं काही बोलते का. तसं असेल तर चित्रांच्या भरवशावर राहू नका. १४४१६ ही टेली-मानसची, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी लाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टरही आहेत.

तुम्ही स्वतः जॅकार्ड मागावर विणायच्या डिझाइनचे ग्राफ भरता, असं लिहिलंय. रात्री तिच्या शेजारी तुमचा कागद घेऊन बसा, चौकटी रंगवत. वही बघायला मागू नका. तुमच्या आईबद्दल बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर गप्प बसलात तरी चालेल.

आणि मामांना फोन करून ते फोटो डिलीट करायला सांगा. आजच, तिच्यासमोर.