आजोबांची ट्रंक किती जुनी?

पुण्याहून एक वाचक विचारतात: आमच्याकडे कॅनव्हास मढवलेली, लाकडी पट्ट्यांची बसकी ट्रंक आहे. झाकणाच्या आत ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ अशी पट्टी आहे, बाहेर पी अँड ओ कंपनीच्या ‘स्ट्रॅथीडन’ बोटीचं लेबल. पणजोबा १९१२ साली बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले, ही त्यांचीच ट्रंक, असं घरात सांगतात. खरं असेल?

ट्रंक त्यांची असू शकेल, लेबल मात्र त्या प्रवासाचं नाही. स्ट्रॅथीडन पहिल्या सफरीवर निघाली ती १९३७च्या अखेरीस.

आतली पट्टी जास्त बोलकी आहे. ‘सी.एस.एल.’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लंडनच्या या दुकानाची मुंबई शाखा १८९१ मध्ये उघडली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे. १९३४ मध्ये नावातली ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ गेली आणि ‘स्टोअर्स’ आलं. म्हणजे ट्रंक साधारण १९३४च्या आधीची आणि लेबल १९३७ नंतरचं. घरातली गोष्ट यामुळे खोटी ठरत नाही. चांगली ट्रंक बापाकडून मुलाकडे जायचीच. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा: १९३७ नंतर आपल्यातलं बोटीने कोण गेलं होतं? हा प्रश्न पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

एकदा उंचीही मोजा. अस्सल स्टीमर ट्रंक बारा ते चौदा इंच उंच असते, कारण ती केबिनमधल्या बर्थखाली सरकवायची असे. एकावर एक रचता यावी म्हणून झाकण सपाट. तुमची ट्रंक वीस-बावीस इंचांची निघाली तर ती बोटीच्या पोटात, सामानाच्या कोठारात जाणारी.

नाशिकहून: ट्रंकेवर ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ असं लेबल आहे. सामान नाकारलं होतं का?

नाही, नाही. प्रवासात लागणार नाही, थेट मुक्कामी उतरवा, एवढाच अर्थ. ‘केबिन’ म्हणजे खोलीत हवी, आणि नुसतं ‘वाँटेड’ म्हणजे मधूनमधून उघडायला मिळावी. शेजारी एखादं मोठं अक्षर असेल तर ते आडनावाचं पहिलं अक्षर. धक्क्यावर सामान त्या अक्षराखाली लावत.

म्हापशाहून: आजोबा आफ्रिकेत रेल्वेत कारकून होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात ‘मोंबासा, बी.ई.ए.’ लिहिलं आहे. यावरून साल कळेल?

बऱ्यापैकी कळेल. बी.ई.ए. म्हणजे ब्रिटिश ईस्ट आफ्रिका. १९२० मध्ये तो मुलूख ‘केनिया कॉलनी’ झाला, तेव्हा अक्षरं बहुधा त्याआधीची. जुनं नाव हाताला आणखी काही वर्षं चिकटलं असेल, एवढी सवलत ठेवा. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १९०१ मध्ये पोचली आणि तिच्या कचेऱ्यांत गोव्याची कितीतरी माणसं होती. तुमची पेटी त्याच पिढीची दिसते. ही अक्षरं कुणाला पुन्हा रंगवू देऊ नका.

कोल्हापूरहून: खिळ्यांवरून वय कळतं म्हणतात, ते कसं?

भिंग घेऊन बसा. खिळ्याचा दांडा चौकोनी, टोकाकडे निमुळता असेल तर तो पत्र्यातून कापलेला, जुन्या पद्धतीचा. गोल दांड्याचा तारेचा खिळा १८९०च्या दशकापासून सर्रास झाला. आणि बिजागरीला स्टार स्क्रू दिसला तर ती दुरुस्ती १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरची, ट्रंक कितीही जुनी असो. म्हणून एका खिळ्यावर निकाल देऊ नका. कुलपाखालचे, कोपऱ्यांचे, तळाचे असे सगळे पाहा. जे सगळीकडे सारखे, ते मूळचे.

सोलापूरहून: पॉलिशवाला म्हणतो, कागद खरवडून, घासून, वॉर्निश मारून नवीकोरी करून देतो. द्यावी का?

कृपा करून देऊ नका. वर सांगितलेलं सगळं त्या कागदांत, खिळ्यांत आणि अक्षरांतच आहे. आमच्या घरच्या ट्रंकेवरचं एक लेबल मी विशीत ओल्या फडक्याने पुसलं. निळी शाई फडक्यावर उतरली, आणि बोटीचं नाव वाचायच्या आतच गेलं. ते नाव आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. झाकण उघडून आतलेही, आणि अस्तर सुटलं असेल तर त्याखालचेही. तिथे कधी वर्तमानपत्राचा तुकडा सापडतो, तारखेसकट. मग मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. पितळी कोपऱ्यांना चिंच-मीठ लावू नका, ते कॅनव्हासमध्ये झिरपून डाग पडतात. कुबट वास असेल तर झाकण उघडून सावलीत ठेवा आणि आत वाटीभर कोळसा ठेवा. उन्हात चामडं तडकतं. तळाशी पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर लाकडाला कीड आहे. ती ट्रंक बाकीच्या लाकडी सामानापासून लगेच लांब हलवा.